कार्ल ट्विचेल : पाणी, तेल आणि सोन्याचा पाळणा

मदिनेच्या आग्नेयेला सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, हिजाझच्या उघड्याबोडक्या डोंगरांमध्ये महद अध-धहब नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ सोन्याचा पाळणा. जेद्दा, यानबू किंवा रियाधमध्ये वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांची वाट कधी तिकडे वळली असेल. सौदी अरेबिया म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या पूर्व किनाऱ्यावरच्या तेलविहिरी, धहरान आणि दम्माम. परंतु तेलाचा पहिला पैसा हाती येण्याच्या कितीतरी आधी, किंबहुना सौदी अरेबिया हे नावच अस्तित्वात येण्याच्या हजार-दीड हजार वर्षे आधी, या भूमीची संपत्ती पश्चिमेकडच्या या डोंगरांतून निघत होती.

मधल्या काळात विस्मरणात गेलेली ही खाणवस्ती विसाव्या शतकात पुन्हा उभी राहिली, ती व्हर्मॉंट या अमेरिकी राज्यातून आलेल्या एका खाण अभियंत्यामुळे. त्याचे नाव कार्ल ट्विचेल. जन्म १८८५, मृत्यू १९६८. तेलाच्या इतिहासात त्याला बहुधा एखादा परिच्छेद मिळतो, तोही सोन्याची नाणी मोजून देणारा माणूस म्हणून. ती मोजणी त्याने केली हे खरे. पण ट्विचेल हा तेलाचा माणूस नव्हताच. तो खडकांचा, जुन्या बोगद्यांचा आणि टाकून दिलेल्या चुऱ्याच्या ढिगांचा माणूस होता, आणि त्याला अरबस्तानात आणले ते तेलाने नव्हे, सोन्यानेही नव्हे. पाण्याने आणले.

त्याला पाठवणारा होता शिकागोचा धनाढ्य चार्ल्स क्रेन. क्रेनच्या वडिलांचा कारखाना नळ, पाइप आणि व्हॉल्व्ह बनवणारा. पुत्राला कारखान्यापेक्षा पूर्वेकडच्या देशांची ओढ अधिक. पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्यातील अरब प्रदेशांचा कौल जाणून घेण्यासाठी १९१९ मध्ये अमेरिकेने जो आयोग पाठवला, त्याच्या दोन प्रमुखांपैकी हा एक. पुढे अरब राजांशी मैत्री करण्याचा त्याला छंदच जडला. १९२७ मध्ये तो येमेनच्या इमाम याह्याला भेटला आणि देणगी म्हणून रोकड न देता त्याने एक अभियंता पाठवला. तो अभियंता म्हणजे ट्विचेल. पुढची पाच वर्षे ट्विचेलने येमेनच्या अनेक फेऱ्या केल्या, डोंगराळ भागात रस्त्यांची कामे पाहिली, एक पोलादी पूल उभारला, खनिजांचा शोध घेतला. खर्च क्रेनचा, लाभ येमेनचा.

१९३१ च्या फेब्रुवारीअखेर क्रेन जेद्दाला आला आणि अब्दुल अझीझ इब्न सौद यांना भेटला. राजा तेव्हा अडचणीत होता. हिजाझ जिंकून जेमतेम पाच वर्षे झाली होती. राज्य मोठे, तिजोरी रिकामी. राज्याचे मुख्य उत्पन्न हजयात्रेकरूंकडून येणाऱ्या करांचे. जागतिक मंदीपूर्वी वर्षाला लाखाच्या घरात यात्रेकरू येत. १९३१ मध्ये ही संख्या चाळीस हजारांपर्यंत आणि १९३३ मध्ये वीस हजारांपर्यंत घसरली. यातला मोठा वाटा हिंदुस्थानचा आणि हिंदुस्थानच्या यात्रेकरूंचे मुख्य बंदर मुंबई. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, त्याचे हादरे असे मुंबईच्या धक्क्यावरून मक्केच्या तिजोरीपर्यंत पोहोचले होते. या स्थितीत राजाला हवे होते ते पाणी. वाळवंटात पाण्याचे झरे फुटले तर शेती होईल, टोळ्या स्थिर होतील, यात्रेकरूंची तहान भागेल. क्रेनने पुन्हा तोच उपाय केला: येमेनमधून ट्विचेलला बोलावून घेतले.

एप्रिल १९३१ मध्ये ट्विचेल जेद्दात उतरला. पुढच्या काही आठवड्यांत त्याने हिजाझमध्ये सुमारे दीड हजार मैलांचा प्रवास केला. सडका नव्हत्या, नकाशे नावापुरते. त्याला शोधायचे होते आर्टेशियन पाणी, म्हणजे भोक पाडताच आपल्या दाबाने वर येणारे पाणी. त्यासाठी जमिनीखाली थर लागतात: पाणी मुरवणारा सच्छिद्र थर आणि त्याच्या वर-खाली पाणी न सोडणारे घट्ट थर. अरबस्तानच्या पूर्व भागात असे थर आहेत, कारण तो भाग समुद्राच्या गाळाने बनला आहे. पश्चिमेचा हिजाझ मात्र अतिप्राचीन, स्फटिकमय, भट्टीतून निघाल्यासारख्या खडकांचा. तिथे पाणी मिळाले तर ते वाड्यांच्या वाळूत किंवा खडकाच्या भेगांत, तेही बेताचे.

आपल्याकडे मराठवाड्यात हातात फांदी घेऊन शेतात फिरणाऱ्या पाणाड्याला ठाऊक असते, की विहिरीला पाणी लागेल असे सांगणाऱ्याला चहा मिळतो आणि लागणार नाही असे सांगणाऱ्याला रस्ता. ट्विचेलने राजाला स्पष्ट कळवले की हिजाझमध्ये आर्टेशियन विहिरींना भूगर्भाचा आधार दिसत नाही. राजाची सर्वांत मोठी आशा त्याने एका अहवालात संपवली. त्याच्या आयुष्याचा विचार करताना हा नकार फार महत्त्वाचा वाटतो. यानंतर राजाने त्याच्यावर जी जी कामे सोपवली, ती या नकारानंतरची आहेत. ज्या दरबारात सवलती मागायला येणारा प्रत्येक परदेशी काही ना काही आश्वासन घेऊन येत असे, तिथे नाही म्हणणारा माणूस उपयोगाचा ठरला.

पण नकार देऊन तो हातावर हात ठेवून बसला नाही. जेद्दा शहर तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी आणि समुद्राचे पाणी उकळून गोडे करणारे एक जुने यंत्र यांवर कसेबसे जगत होते. शहराच्या पूर्वेला ऑटोमन काळातील एक जुनी जलवाहिनी होती, ऐन अल-वझिरिया. ती बुजत चालली होती. ट्विचेलने ती साफ करवली आणि क्रेनच्या खर्चाने आलेली अमेरिकी पवनचक्की तिथे उभारून पाणी वाढवले. अमेरिकेच्या कुरणांत जागोजागी दिसणारी ती पात्यांची चक्की जेद्दाच्या माळावर फिरू लागली, तेव्हा ती शहरवासीयांच्या कुतूहलाचा विषय झाली असणार यात नवल नाही. जेद्दाचा पाणीप्रश्न खऱ्या अर्थाने सुटायला मात्र १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी वाडी फातिमाचे पाणी नळाने शहरात आले.

पाण्याच्या शोधात फिरताना ट्विचेलची नजर आपल्या मूळ धंद्याकडेही होती. डोंगरांच्या कडांवर त्याला जुन्या खोदकामांच्या खुणा दिसत होत्या. त्याचा कल तिकडे होता, पण राजाने आधी त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला धाडले. १९३१ च्या अखेरीस तो मोटारींच्या ताफ्यासह जेद्दाहून पूर्वेकडे, अल-हासापर्यंत गेला. तिथल्या खडकांची रचना तेलाला अनुकूल दिसत होती. राजाने विचारले, तेव्हा त्याने पुन्हा सावधपणेच सांगितले: समोरच्या बहरीन बेटावर एक अमेरिकी कंपनी विहीर खोदत आहे, तिचे काय होते ते पाहावे, तोवर खर्च करू नये. १९३२ च्या मे महिन्याच्या शेवटी बहरीनमध्ये तेल लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इब्न सौद यांच्या राज्याला सौदी अरेबियाचे राज्य हे नाव मिळाले.

आता राजाने ट्विचेलला अमेरिकेत जाऊन भांडवल शोधण्यास सांगितले. आपण अभियंता आहोत, व्यापारी नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. पण राजाचा आग्रह कायम राहिला. हा मनुष्य खरोखर कंपन्यांच्या दारोदार हिंडला. काही कंपन्यांचे हात १९२८ च्या रेड लाइन कराराने बांधलेले होते. जुन्या ऑटोमन प्रदेशात परस्परांच्या संमतीवाचून एकट्याने तेल शोधायचे नाही, असा तो करार. बहरीनमध्ये तेल शोधणारी स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे सोकॅल, त्या कराराबाहेर होती. समोरच्या मुख्य भूमीत उतरण्यास ती उत्सुकच होती.

फेब्रुवारी १९३३ मध्ये सोकॅलचा वकील लॉइड हॅमिल्टन आणि ट्विचेल जेद्दात पोहोचले. समोर वाटाघाटींना बसला होता अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान. मराठी वाचकाला या माणसाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. नज्दमध्ये जन्मलेला हा मंत्री तरुणपणी मुंबईत एका अरब व्यापाऱ्याच्या पेढीवर कामाला होता. त्या काळी आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती आणि अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्याही. हिशेब, हुंडी, व्याज आणि घासाघीस यांचे धडे त्याने तिथेच गिरवले. सौदी अरेबियाच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत मोठ्या कराराची कलमे मुंबईच्या पेढीवर घडलेल्या माणसाने पाडून घेतली, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासातही नोंदवण्याजोगी आहे. पडद्यामागे होता हॅरी सेंट जॉन फिल्बी, पंजाबात नोकरी केलेला माजी आयसीएस अधिकारी आणि राजाचा मित्र. त्याला सोकॅलकडून गुपचूप मानधन मिळत होते.

अब्दुल्ला सुलेमान सोन्यावर अडून बसला. कागदी चलन नको, सोन्याची नाणी हवीत. चार महिन्यांच्या घासाघिशीनंतर २९ मे १९३३ रोजी जेद्दात करारावर सह्या झाल्या. साठ वर्षांची सवलत, तीस हजार सुवर्ण सॉव्हरिनचे कर्ज आणि पाच हजार सॉव्हरिन पहिल्या वर्षाचे भाडे. पण वाटाघाटी चालू असतानाच अमेरिकेने सोन्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. सोकॅलने परवानगी मागितली, सरकारी कोषागाराने ती नाकारली. शेवटी नाणी लंडनमध्ये खरेदी करावी लागली. सात पेट्यांत भरून ती पी अँड ओच्या जहाजाने आली. म्हणतात, की नाण्यांवर पुरुष राजाचीच मुद्रा असावी याची काळजी घेण्यात आली. राणी व्हिक्टोरियाच्या मुद्रेची नाणी अरबस्तानात कमी भावाने घेतली जातील, अशी धास्ती होती.

ऑगस्टमध्ये डच बँकेच्या जेद्दातील कचेरीत, अब्दुल्ला सुलेमानच्या नजरेखाली, ट्विचेलने ही पस्तीस हजार नाणी एकेक करून मोजून दिली. जेद्दाचा ऑगस्ट काय असतो हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको; पंखा आणि वातानुकूलन नसलेल्या काळातला तर विचारूच नये. इतिहासाने त्याच्या आयुष्यातला हाच एक दिवस ध्यानात ठेवला. वास्तविक तो दिवस हमालीचा होता.

तेलाशी ट्विचेलचा संबंध इथे जवळजवळ संपतो. त्या सप्टेंबरात सोकॅलचे पहिले भूगर्भशास्त्रज्ञ दाढ्या वाढवून, अरबी पोशाखात जुबैलला उतरले. दम्मामची सातवी विहीर मार्च १९३८ मध्ये वाहती झाली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ट्विचेल तोवर पश्चिमेच्या डोंगरांत परतला होता. त्याला हवे होते ते आता त्याच्या हाती आले होते. २३ डिसेंबर १९३४ रोजी सोन्याच्या शोधाची सवलत मंजूर झाली आणि लंडन-न्यूयॉर्कच्या भांडवलावर सौदी अरेबियन मायनिंग सिंडिकेट उभी राहिली.

या तारखेला एक कारण आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेने सोन्याचा अधिकृत भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला होता. एका रात्रीत जगभरच्या कितीतरी मरणपंथाला लागलेल्या खाणी कागदावर जिवंत झाल्या. जिथे डांबरी रस्ता नाही, वीज नाही, गोदी नाही, अशा हिजाझच्या आतल्या भागात पैसा ओतायला लंडनचे शहाणे भांडवलदार तयार झाले, त्यात ट्विचेलच्या उत्साहाचा वाटा असेलच. पण भावाचा वाटा त्याहून मोठा असावा.

सिंडिकेटच्या माणसांनी हिजाझमधील अनेक प्राचीन खोदकामे तपासली. बहुतेकांतून प्राचीनांनी काढण्याजोगे सारे काढून घेतले होते. खर्च भरून निघेल अशी जागा मुख्यतः एकच ठरली, ती महद अध-धहब. तिथे पोहोचताच समजून येत होते की इथे पूर्वी एक मोठी वस्ती होती. डोंगरउतारावर दगडी हातोडे आणि जात्यांचे व पाट्यांचे दगड हजारोंनी विखुरलेले. गारगोटीच्या शिरा डोंगरात जिथवर माणसाचा हात पोहोचला तिथवर कोरून रिकाम्या केलेल्या. आणि पायथ्याशी राखाडी चुऱ्याचे ढीग. पुढच्या मोजणीत हा चुरा सुमारे दहा लाख टन भरला. दगड फोडायचा, आपल्या आजीने डाळ भरडावी तसा जात्यावर भरडायचा, पाण्यात धुऊन जड सोने वेगळे करायचे आणि उरलेले टाकून द्यायचे. किती पिढ्यांनी, किती गुलामांनी आणि मजुरांनी हे दहा लाख टन दळले, याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही.

लाकडी कोळशाच्या अवशेषांवरून शास्त्रज्ञांनी या खाणीची दोन मोठी पर्वे ओळखली आहेत. एक इसवी सनापूर्वी सुमारे हजार वर्षांचे, दुसरे इस्लामच्या आरंभीच्या शतकांचे. दुसऱ्या पर्वात अरब भूगोलकार या भागाला बनू सुलैम टोळीची खाण म्हणून ओळखत, आणि इराककडून मक्केला जाणारा यात्रामार्ग, खलिफा हारून अल-रशीदच्या राणी झुबैदाच्या नावाने प्रसिद्ध झालेला, या भागातून जाई. हिजरी १०५ मधला, म्हणजे इसवी सन ७२३-२४ चा, एक उमय्या दिनार उपलब्ध आहे. त्याच्यावर हिजाझमधील खलिफाच्या खाणीचा उल्लेख आहे. तो याच परिसराला उद्देशून असावा असे नाणेतज्ज्ञ मानतात.

पहिल्या पर्वाने अधिक मोठी कल्पना सुचवली. १९७६ मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी असे मत मांडले, की बायबलमध्ये राजा सॉलोमनला सोने पुरवणारे जे ओफिर सांगितले आहे ते हेच असू शकेल. मराठी वाचकाने यावर किंचित हसावे, कारण ओफिरच्या दावेदारांच्या यादीत आपले नालासोपारासुद्धा आहे. प्राचीन शूर्पारक हे मोठे बंदर आणि नावात ध्वनीचे साम्य, एवढ्यावर काही विद्वानांनी तो तर्क केला. सोपाऱ्यात बंदर होते, सोने नव्हते. महदमध्ये सोने होते, बंदर नव्हते. सिद्ध दोन्हीकडे काहीच नाही.

ट्विचेलच्या योजनेचे मर्म मात्र ओफिरमध्ये नव्हते, त्या चुऱ्यात होते. जात्यावर दळून आणि पाण्यात धुऊन सोन्याचे अतिसूक्ष्म कण हाती येत नाहीत. ते चुऱ्यातच राहतात. १८८७ मध्ये ग्लासगोत शोधून काढलेल्या सायनाइड प्रक्रियेने हे बदलले होते. चुरा सौम्य सायनाइडच्या द्रावणात घोळवायचा, सोने त्यात विरघळते, मग जस्ताच्या भुकटीने ते पुन्हा खाली बसवायचे. कोलारच्या खाणींनी याच रीतीने आपला टाकाऊ माल सोन्यात बदलला होता. महदमध्ये तर डोंगर फोडण्याचे आणि दळण्याचे अर्धे काम प्राचीनांनी आधीच करून ठेवले होते. नव्या कंपनीने फक्त कढई चढवायची.

ही कढई चढवणे सोपे नव्हते. जेद्दाहून सरळ रेषेतच पावणेतीनशे किलोमीटरचे अंतर. प्रत्यक्ष वाट त्याहून बरीच लांबची. गिरणीचे भाग, इंजिने, इंधन, सायनाइडचे डबे, सिमेंट, पीठ, साखर, सारे काही ट्रकवर लादून वाळू आणि लाव्ह्याच्या दगडांतून न्यायचे. पाणी मोजके, आणि सायनाइडच्या कारखान्याला पाणी लागतेच. हिजाझमध्ये पाणी नाही असे राजाला सांगणाऱ्या माणसाचा धंदा आता हिजाझच्या पाण्यावर चालायचा होता. १९३९ मध्ये खाणीतून नियमित उत्पादन सुरू झाले. तेलाचे पहिले जहाजही त्याच वर्षी मे महिन्यात रास तनुराहून निघाले. त्यानंतर चारच महिन्यांत युरोपात युद्ध पेटले, तेलाचा विस्तार रखडला, हजयात्रा पुन्हा रोडावली. त्या कठीण वर्षांत सौदी राज्यात चालू असलेल्या मोजक्या आधुनिक उद्योगांपैकी महद एक होते.

या खाणवस्तीचे चित्र रंगवताना एक गोष्ट वगळता येत नाही. तिची रचना अमेरिकेच्या पश्चिमेकडील खाणवस्त्यांच्या साच्यातली होती. गोरे अभियंते आणि अधिकारी एका बाजूला, त्यांची घरे आणि भोजनगृह वेगळे. आसपासच्या टोळ्यांतून आलेले अरब मजूर आणि बाहेरून आणलेले कामगार दुसऱ्या बाजूला, वेगळ्या वस्तीत आणि वेगळ्या वेतनावर. कोलारमध्येही साहेबांचा क्लब आणि गोल्फचे मैदान एकीकडे आणि कामगारांच्या झोपड्यांच्या रांगा दुसरीकडे होत्या. तेव्हा हा काही अमेरिकेचाच दोष नव्हे. पुढे धहरानच्या तेलवस्तीत जी कुंपणे आली आणि ज्यांच्याविरुद्ध १९४५ नंतर संप झाले, त्यांची पूर्वछाया या डोंगरात दिसते. ट्विचेल स्वतः अरबांविषयी आदराने लिहिणारा माणूस. तरीही ज्या व्यवस्थेत तो वाढला ती त्याने इथे आणून मांडली, किंवा मांडू दिली. खाणीतल्या अनेक बदू मजुरांच्या दृष्टीने मात्र ठरावीक तारखेला मिळणारा पगार ही गोष्टच नवी होती. उंट आणि पाऊस यांच्या भरवशावर चालणारे जगणे भोंग्याच्या वेळेशी बांधले जाणे, हे सौदी समाजाच्या इतिहासातले मोठे वळण आहे, आणि ते तेलाच्या बरोबरीने या सोन्याच्या खाणीतही आले.

युद्धाच्या मध्यावर ट्विचेल पुन्हा पाण्याकडे वळला. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने सौदी अरेबियात एक कृषी मंडळ पाठवले, त्याचे प्रमुखपद त्याच्याकडे आले. हे मंडळ देशभर हिंडले; ओअॅसिस, विहिरी, खजुराच्या बागा, जुने बांध यांची पाहणी करून अहवाल १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा वर्षांपूर्वी त्याने हिजाझपुरते नाही म्हटले होते. आता रियाधच्या दक्षिणेला अल-खर्जसारख्या ठिकाणी खोल नैसर्गिक डोहांतले पाणी पंपाने उपसून शेती वाढवता येईल, असे त्याला दिसत होते. तिथे खरोखरच शेती उभी राहिली. पुढच्या दशकांत सौदी अरेबियाने पूर्वेकडच्या भूगर्भातले प्राचीन पाणी कशा वेगाने उपसले, तो वेगळा आणि कमी सुखद इतिहास आहे.

१९४७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने ट्विचेलचे सौदी अरेबियावरचे पुस्तक काढले. देशाच्या नैसर्गिक साधनसंपत्तीचा आढावा घेणारे हे पुस्तक बराच काळ या विषयाचे आधारभूत पुस्तक होते. त्यात राजकारण थोडे. विहिरी, खडक, पिके, वाटा भरपूर. गोष्ट सांगण्याची हौस त्याला नव्हती. एखाद्या अभियंत्याने सोपवलेल्या कामाचा हिशेब द्यावा, तसा त्याचा सूर आहे.

इकडे महदचे दिवस भरत आले होते. जुना चुरा संपत चालला, जमिनीखालचे श्रीमंत खडक विरळ झाले. सोन्याचा भाव मात्र १९३४ पासून ३५ डॉलरवरच खिळलेला, आणि युद्धानंतर मजुरी, इंधन, यंत्रे सारे महागलेले. ज्या भावाने खाण जन्माला घातली, त्याच भावाने ती मारली असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. १९५४ मध्ये काम थांबले. त्या पंधरा वर्षांत महदमधून ७ लाख ६५ हजार औंसांहून अधिक सोने आणि सुमारे १० लाख औंस चांदी निघाली. टनांत सांगायचे तर सोने जवळपास २४ टन. भांडवलदारांनी यंत्रे उचलली, ट्रक थांबले, आणि हजार वर्षांपूर्वी झाले होते तेच पुन्हा झाले: खाण उरली, माणसे पांगली. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९५३ मध्ये, राजा अब्दुल अझीझ यांचे निधन झाले होते. ज्याच्या एका निरोपावर ट्विचेल अरबस्तानात आला होता, तो राजा गेला आणि पाठोपाठ ती खाणही.

ट्विचेल १९६८ मध्ये वारला. तोवर धहरान हे जगाच्या तेलाचे एक केंद्र झाले होते आणि महदचे बोगदे बंद पडून चौदा वर्षे उलटली होती. स्वतःच्या धंद्यात, म्हणजे खाणकामात, त्याने अरबस्तानात उभी केलेली एकमेव मोठी गोष्ट त्याच्या हयातीतच निकालात निघाली होती.

पुढचे त्याला पाहता आले नाही. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले, भाव मोकळा झाला आणि सत्तरच्या दशकात आकाशाला भिडला. त्याच दशकात डोंगराच्या दक्षिण अंगाला, जुन्या कामांच्या पलीकडे, समृद्ध खनिजाचा नवा पट्टा भूगर्भशास्त्रज्ञांना सापडला. सौदी सरकारने भुयारी खाण बांधायला घेतली आणि १९८८ मध्ये महद अध-धहबमधून पुन्हा सोने निघू लागले. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या मआदेन या सौदी खनिज कंपनीकडे ती खाण आली. नव्या खाणीसाठी कुठे भोक पाडायचे हे ठरवताना जुन्या सिंडिकेटचे बोगदे आणि त्याहून जुन्या लोकांनी कोरलेल्या शिरा, दोन्ही हाताशी होते. हजारो जात्यांचे दगडही उतारावर होतेच.